एएम-पीएम संस्कृतातून आलेले नाहीत, तो मेसेज पुढे पाठवू नका

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय. एएम म्हणजे "आरोहणम् मार्तण्डस्य" (सूर्याचं चढणं), पीएम म्हणजे "पतनम् मार्तण्डस्य" (सूर्याचं उतरणं), इंग्रजांनी आपलं चोरलं आणि खरा अर्थ दाबून टाकला, मुलांना हेच शिकवा. मला संस्कृत जिवापाड आवडतं म्हणूनच हे सहन होत नाही, तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

मेसेजचा पहिला सवाल: अँटे म्हणजे आधी, पोस्ट म्हणजे नंतर, पण कशाच्या ते इंग्रजांनी सांगितलंच नाही. अहो, पुढच्याच शब्दात आहे ना! अँटे मेरिडिएम, पोस्ट मेरिडिएम. लॅटिन आहे, मेरिडिएम म्हणजे मध्यान्ह. मध्यान्हाच्या आधी, मध्यान्हानंतर, झालं. आणि हे मुळात इंग्रजांचं नाहीच, रोमन लोक दिवसाचे असे दोन भाग करायचे, इंग्रजांनी तिथून उचललं.

दुसरा, अक्षरं जुळतात हाच पुरावा. दोन अक्षरांवरून हवी तेवढी वाक्यं बनवता येतात हो. मार्तंड शब्द ऋग्वेदात आहे, आणि होळकरांच्या गावात मल्हारी मार्तंड कोणाला समजावून सांगायला नको. पण वेळ सांगायला हे वाक्य कुठे वापरलंय? मेसेजमध्ये ना ग्रंथाचं नाव, ना श्लोकाचा नंबर. आपल्याकडे वेळ घटी-पळांत मोजायचे, 60 घटींचा अहोरात्र, एक घटी 24 मिनिटांची, आणि पंचांगातला वार आजही सूर्योदयाला बदलतो, रात्री 12 ला नाही.

आता खरी गोष्ट, जी या मेसेजमुळे झाकली जाते. मेरिडिएस हा शब्द मेडियस (मधला) आणि डिएस (दिवस) यांतून आलाय, म्हणजे दिवसाचा मध्य. मेडियस आणि आपला मध्य सख्खे भाऊ, डिएस आणि संस्कृतातला दिव् एकाच मुळातले. म्हणजे तिकडे मेरिडिएस आणि इकडे वेदातला मध्यंदिन म्हणजे मध्यान्ह, दोन्ही त्याच कल्पनेतून घडलेले! सोमयज्ञातलं माध्यंदिन सवन (दुपारी सोमरस काढण्याचा विधी), शुक्ल यजुर्वेदाची माध्यंदिन शाखा, आपल्यातल्या कितीतरी घरांत संध्येच्या वेळी हे नाव घेतलं जातं. कोणी कोणाचं चोरलेलं नाही, दोन्ही भाषा एका जुन्या भाषेच्या लेकी आहेत. एवढं सुंदर नातं हातात असताना बनावट कशाला हवं?

तिसरा दावा, सूर्य बरोबर 12 पर्यंत चढतो आणि मग उतरतो. इंदुरात तर नाहीच. देशभरातलं आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावरच्या वेळेने चालतं आणि इंदूर आहे जवळपास 75.9 वर, एका अंशाला 4 मिनिटं धरली तर सूर्य माथ्यावर यायला सरासरी जवळपास साडेबारा होतात, महिन्याप्रमाणे थोडं मागेपुढे. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, सावलीवरची वेळ मोबाईलशी ताडून बघा, फरक समोर दिसेल. मोबाईलवर पीएम लागून गेलेलं असतं आणि मार्तंड अजून चढतच असतो.

आणि मुलांना शिकवायचंच असेल तर पूर्वाह्ण (दुपारच्या आधीचा वेळ) आणि अपराह्ण (दुपारनंतरचा) शिकवा की, हे अस्सल संस्कृत शब्द आहेत आणि आपल्या इथल्या सरकारी नोटिसांवर "पूर्वाह्न 11 बजे" असं रोज छापून येतं.