ॲपवाल्या मित्राला अंगठा कसा दाखवावा

आपल्या ओळखीत कुणी ना कुणी स्वतःचं ॲप काढलेलं असतंच. पाठीशी कंपनी नाही, गुंतवणूकदार नाही, जाहिरातीला पैसा नाही. रात्री जागून एकट्यानं कोड लिहिलाय, आयकॉनही स्वतःच काढलाय (ते दिसतंच). असा माणूस एक दिवस ग्रुपवर लिंक टाकतो आणि त्याला प्रोत्साहन देण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडते. घाबरू नका. थोड्या सरावानं ती काहीही न करता पार पाडता येते.

लिंक आली की आधी अंगठा टाका. उघडण्यापूर्वीच. उघडून, बघून मग टाकलात तर उशीर होतो आणि दाद मनापासून दिली नाही असं वाटतं. माझ्या लिंकखाली ४१ अंगठे आले. त्या दिवशीचे डाउनलोड ६, आणि त्यातलं एक माझं स्वतःचं. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ काय होतो, हे ते पिवळं चित्र काढणाऱ्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

मग सूचना करा. माझं ॲप घरातल्या औषधांच्या मुदती लक्षात ठेवतं. बस, एवढंच. त्यात पावलं मोजायची सोय, व्हिडिओ कॉल आणि 'थोडं एआय' हवं असल्याचं मला न वापरताच सांगण्यात आलं.

बग, म्हणजे ॲपमधली चूक, सापडला तर ॲपवाला सोडून बाकी सगळ्यांना सांगा. त्यानं विचारलंच तर 'चालत नाही' एवढंच कळवा. फोन कोणता म्हणाला तर 'काळा'.

पैशांचा विषय निघाला की ॲप फुकट असायला हवं होतं, असं हळहळून म्हणा. ॲपलच्या स्टोअरमध्ये नुसतं टिकून राहायला वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, गूगलला सुरुवातीला एकदा २५ डॉलर द्यावे लागतात, आणि विक्री झालीच तर दोन्हीकडे छोट्या माणसाचेही १५ टक्के कापले जातात, असलं काही तो सांगू लागेल. ऐकून घ्या आणि म्हणा, "मग जाहिराती टाक ना." त्यानं टाकल्या की जाहिराती फार आहेत म्हणून ॲप काढून टाका.

रिव्ह्यू शक्यतो लिहूच नये. अगदीच राहवलं नाही तर आमच्या एका नातेवाइकांचा आदर्श ठेवा. त्यांनी लिहिलं, "एक नंबर ॲप!" आणि नंबर चुकू नये म्हणून स्टारही एकच दिला. साध्या सरासरीनं बघितलं तर एका एक-स्टारनंतर ४.८ वर यायला पाच स्टारवाले १९ जण लागतात. तेवढे लोक मला आयुष्यात आवडलेले नाहीत.

रिव्ह्यू विकत मिळतात हेही त्याला सुचवा. दोन्ही स्टोअरना ते चालत नाही आणि सापडलं तर ॲप जातं, पण सूचना फुकट असते.

त्यानं प्रॉडक्ट हंटवर (नवी ॲप्स लोकांपुढे मांडायची वेबसाइट) लाँच ठेवलं असेल तर तिथला दिवस अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनं मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटानं, म्हणजे आपल्याकडे भर दुपारी, सुरू होतो, म्हणून तो आपली अख्खी रात्र जागा असेल. दोन दिवसांनी विचारा, "अरे, कधी आहे ते?"

आता मुख्य कला: टेस्टर होणे.

माझं ॲप आधी फक्त आयफोनवर होतं. सहा महिने एका मित्रानं जीव खाल्ला, "अँड्रॉइडवर आण, बघ कसं उडतं." आणलं. आता गूगल प्लेचा नियम असा की १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडलेल्या डेव्हलपरनं ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांनाच त्यांच्या ईमेल पत्त्यावरून ॲप देऊन केलेली चाचणी, घ्यायची. आधी तिला २० माणसं लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आणली. या १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायचं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, भुरट्या ॲपांचा सुळसुळाट आहेच. पण १२ माणसं! आयुष्यभर जमवलेल्या गोतावळ्यातून १२! एकानं ऑफिसचा ईमेल दिला. एकानं दिलेला जीमेल पत्ता त्याच्या फोनमधल्या स्टोअरला नव्हताच, मग त्याला ॲप दिसेना, मग 'तुझी लिंक खराब आहे'. एकीनं विचारलं, "यात माझे फोटो जातील का?" तिचे फोटो आधीच कुठे कुठे गेलेत ते मी सांगितलं नाही. तीन आठवडे हातापाया पडून १२ झाले. बरोबर १२, तेरावा नाही. रोज सकाळी आकडा बघायचो. आठवा दिवस, १२. दहावा दिवस, १२. अकराव्या दिवशी ११.

कोण गेलं असेल? अँड्रॉइडवर आण म्हणणारा.

"दहा दिवस झाले ना, मला वाटलं झालं असेल तुझं काम. उगाच पसारा नको म्हणून बाहेर पडलो. पण लाँच झालं की कळव हं, नक्की घेतो." आणि खाली अंगठा.

मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर.

आणि उरलेले ११ तरी काय? १४ दिवसांनंतर गूगल विचारणार, टेस्टरांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललं. माझ्याकडे लिहायला आहे 'मस्त', 'छान' आणि 'भारी रे'. यातलं काय दुरुस्त करू? छान कमी करू?

जाऊ दे तो उपरोध, थकलो मी. तुमच्याकडे कुणी पैसे मागितले होते? स्तुती मागितली होती? दोन मिनिटं ॲप उघडा आणि कुठे अडलात ते सांगा, एवढंच मागितलं होतं. नसेल जमत तर 'नाही' म्हणा की! 'नाही' म्हणालात तर मी दुसरा माणूस शोधतो, तुमच्या 'नक्की करतो'वर अकरा दिवस काढत नाही. ॲप आवडलं नाही तर तोंडावर सांगा, वाईट वाटेल, पण त्याचं काहीतरी करता येतं. आणि एक स्टार द्यायचाच असेल तर निदान का दिला ते लिहा. तुम्हाला हे कळत नाही असं नाही. स्वतःच्या मुलाच्या स्पर्धेसाठी मतं मागताना सगळी बटणं तुम्हाला बरोब्बर सापडतात.

मला अजून एक माणूस हवाय, १४ दिवसांसाठी. फोनमधल्या प्ले स्टोअरला जो जीमेल पत्ता आहे तोच पाठवा. अंगठा नको.