टेप, ब्लेड आणि हेडफोन

गेले तीन आठवडे रोज रात्री एक अख्खा अल्बम ऐकतोय. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये फोनला हात न लावता. सगळे रॉक, त्यातही बहुतेक सायकेडेलिक, म्हणजे भास-स्वप्नांची गुंगी आवाजातून उभी करणारे. एका मित्राला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "अरे, ते नशा केल्याशिवाय कळत नाही." हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आज सविस्तर लिहायला बसलो.

मला ते मुळीच पटत नाही. साठच्या दशकात एलएसडी हे भास घडवणारं अमली द्रव्य होतं, गाण्यांत त्याच्या खुणा आहेत, हे कोण नाकारेल? पण आपल्या कानावर जे पडतं ते घडवलंय ध्वनिमुद्रणाच्या टेपने, ती कापणाऱ्या ब्लेडने आणि तासन्‌तास केलेल्या मेहनतीने.

बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं (१९६६) शेवटचं गाणं घ्या, 'टुमॉरो नेव्हर नोज'. तीन मिनिटांच्या आत संपतं. सुरुवातीलाच तंबोरा. आपल्या कानाला तो लगेच ओळखू येतो. आपल्याकडे षड्ज सुटत नाही, तसं हे गाणंही जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे सुरांच्या एकाच जुळणीवर उभं आहे. वरून समुद्रपक्षी किंचाळल्यासारखं जे ऐकू येतं, ते टेपचे लूप आहेत, म्हणजे टोकं जोडून गोल केलेले, पुन्हा पुन्हा वाजणारे टेपचे तुकडे. पाच लूप, वेगवेगळ्या मशीनवर फिरणारे. टेप ताणलेली राहावी म्हणून माणसं ती पेन्सिलीवर धरून उभी होती, आणि मिक्सिंग करताना एकेक आवाज हाताने वर-खाली केला जात होता. उत्तरार्धात लेननचा आवाज येतो तो लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे ऑर्गनसाठी बनवलेल्या, आत भोंगा गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून. ध्वनिमुद्रण करणारा जेफ एमेरिक तेव्हा २० वर्षांचा होता.

तोच लेस्ली पाच वर्षांनी पिंक फ्लॉइडच्या 'मेडल' या अल्बममध्ये भेटतो. 'एकोज' हे साडेतेवीस मिनिटांचं गाणं, एलपीची पूर्ण दुसरी बाजू. या तीन आठवड्यांत मी ते चार वेळा ऐकलं. पहिला आवाज म्हणजे रिक राइटने वाजवलेला पियानोचा एकच सूर, लेस्लीतून गेलेला. टिंग. मग शांतता. पुन्हा टिंग. तळ न दिसणाऱ्या पाण्यात थेंब पडावा तसा. हेडफोन लावून ऐका, तो सूर विरताना किंचित थरथरतो. त्या थरथरीसाठी मी प्रत्येक वेळी श्वास धरून बसतो. मध्यावर सगळी लय विरून जाते आणि देवमाशासारख्या किंकाळ्या येतात. डेव्हिड गिलमोरच्या गिटारचा वा-वा पेडल (आवाज पायाने वळवायचं साधन) उलटा जोडल्यावर निघालेला आवाज आहे तो. चूक झाली असली तरी कुणीतरी ती कान देऊन ऐकली, म्हणून गाण्यात आली.

जर्मन बँड कॅनचा 'टागो मागो' (१९७१) पचायला अवघड आहे. 'हालेलुवा' साडेअठरा मिनिटं चालतं आणि याकी लीबेत्साइटचे ड्रम त्यात जराही ढळत नाहीत. तासन्‌तास वाजवून घ्यायचं आणि मग होल्गर चुकाईने टेप कापून जोडायच्या, अशी त्यांची पद्धत. जोड कुठे आहे ते मी शोधत बसलो, सापडला नाही. त्यातलं 'आउम्ग्न' मात्र मला आजही लांबलेलं वाटतं.

टेम इम्पाला या बँडचा 'लोनरिझम' (२०१२) ऐकलात तर कळेल की केव्हिन पार्करने जवळजवळ सगळं एकट्याने वाजवलंय, आणि तो पसारा एका माणसाचा आहे यावर विश्वास बसत नाही.

आता त्या नशेबद्दल. सिड बॅरेटने पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम १९६७ मध्ये उभा केला, आणि १९६८ मध्ये तो बँडमध्ये नव्हता. त्याच्या मनाची जी पडझड झाली तिला लोक आजही रोमँटिक रंग देतात. मला त्याचा खरोखर त्रास होतो. तो माणूस हरवला, आणि त्याच्याबरोबर पुढची सगळी गाणीही.

लव्ह नावाच्या बँडच्या 'फॉरेव्हर चेंजेस'चीही (१९६७) तीच गोष्ट व्हायची होती. बँड इतका विस्कळीत झालेला की आधी रेकॉर्ड केलेल्या दोन गाण्यांसाठी बाहेरचे वादक बोलवावे लागले. मग मंडळी सावरली आणि बाकीची गाणी स्वतः वाजवली. बँडचा गायक आर्थर ली तेव्हा २२ वर्षांचा. काल रात्री पुन्हा लावला. अकूस्टिक गिटार सुरू होते, हळूहळू व्हायोलिनं मिसळतात आणि मग तो ट्रम्पेट येतो, इतका स्वच्छ, इतका नेमका. मित्राला मी हाच अल्बम पाठवलाय.