सतरा जणांच्या नावानं

गेल्या ऑगस्टात स्टँडजवळच्या हॉटेलात मी एका अनोळखी माणसाच्या मिसळीचे पैसे भरले आणि भर गिऱ्हाइकात बोलणी खाल्ली. गडी असला चिडला! "का ओ, मी काय भिकारी वाटलो व्हय तुमास्नी?" गल्ल्यावरचा मालकही माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी उद्या नगरसेवकाचा फॉर्म भरणार आहे. शेवटी माझे पैसे परत घेतले, त्यानं त्याचे दिले आणि मी चहा अर्धा टाकून बाहेर पडलो.

त्या दिवशी 8 ऑगस्ट होता.

सांगलीकरांना ती तारीख वेगळी सांगायला नको. 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि 17 जण गेले. त्यात बायका-पोरंच जास्त. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट. त्या दिवसांत पाणी 57 च्या वर गेलं होतं. गावभागात आम्ही वरच्या मजल्यावर अडकलेलो, खाली माझं झेरॉक्सचं दुकान मशीनसकट पाण्यात. मोबाईल मरायला टेकलेला, आणि त्यावर आधी ती बातमी आली, मग ते फोटो. ज्यानं त्यानं पुढं ढकलले. खोटं कशाला बोलू, मीही दोघांना पाठवले. त्याची लाज अजून वाटते.

एकेकाच्या नावानं एकेक चांगलं काम करायचं, ही कल्पना माझ्या डोक्यातली नव्हे. 14 डिसेंबर 2012 ला अमेरिकेतल्या न्यूटाउन गावात, सँडी हुक नावाच्या प्राथमिक शाळेत गोळीबार झाला. 20 लहान मुलं आणि शाळेतली 6 मोठी माणसं गेली. त्यानंतर ॲन करी नावाच्या टीव्ही पत्रकार बाईंनी ट्विटरवर सुचवलं, की गेलेल्या प्रत्येक मुलामागं प्रत्येकानं एक चांगलं काम करायचं ठरवलं तर? वीसवरून आकडा 26 झाला आणि लोक खरोखर कामाला लागले. मागच्या गिऱ्हाइकाच्या कॉफीचे पैसे भर, कुठं खेळणी नेऊन दे, असं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. पोरं गेली आणि हे कॉफी पाजतायत!

पण तो आकडा डोक्यातून जाईना. मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 ला चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. तीनशे म्हटलं की माणूस दिसतच नाही, नुसती गर्दी दिसते. सतरा मात्र बोटांवर मोजता येतात. पेपरात आलेली यादी मी कापून गल्ल्यात ठेवली आहे. नावं इथं लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना ती पुरेशी आठवतात.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मग हे श्राद्धच की रे. नवीन काय त्यात?" खरंच आहे. आपल्याकडं गेलेल्याच्या नावानं पाणपोई घालतात, शाळेला कपाट देतात, देवळात पंखा लावतात. त्या पंख्याच्या पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लाल रंगात लिहिलेलं असतं आणि पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही. मला ते बरंच वाटतं. फरक इतकाच, की आपण हे आपल्या माणसासाठी करतो. ज्याचा आपला काही संबंध नव्हता त्याच्या नावानं करायची सवय आपल्याला नाही.

पुराच्या वेळची मदत मी घेतलेली आहे, त्यामुळं बोलतो. जतकडनं आलेल्या टेम्पोतल्या भाकरी आणि ठेचा मी जन्मात विसरणार नाही. ज्यांच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतं, त्यांनी बुडालेल्यांना भाकरी धाडली! आणि त्याच आठवड्यात कुणीतरी फाटक्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी असा ढीग कोपऱ्यावर ओतून, बॅनरसकट फोटो काढून निघून गेलं. दोन्ही मदतच म्हणायची. भाकरी थापणारीच्या डोळ्यांपुढं खाणारा माणूस होता, साड्या टाकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं स्वतःचं कपाट.

मिसळीच्या बाबतीत माझंही कपाटच झालं होतं. त्या माणसाला काय हवंय ते मी विचारलंच नव्हतं. मला फक्त माझा आकडा पुढं सरकवायचा होता.

आणखी एक. चांगुलपणानं प्रश्न मिटत नाहीत. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं का बसली, दुसरी बोट वेळेवर का नव्हती, हे विचारलं की लोक म्हणतात, झालं गेलं, आता राजकारण नको. न्यूटाउनच्या काही आईबापांनी संघटना काढून बंदुकांच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. तिथं कॉफीही झाली आणि भांडणही झालं. आपण पणत्या लावतो आणि गप बसतो.

मिसळीनंतर मी यादी नव्यानं मांडली. पूरग्रस्तांच्या अर्जांच्या झेरॉक्स फुकट, हे सोपं होतं. मिरजेत पेशंटबरोबर आलेल्या एका म्हातारीला आठ दिवस डबा दिला, तोही तिला तिखट चालतं का हे विचारून. असं करत बारापर्यंत आलो. उरलेल्या पाचांवर अडलो होतो.

मावशी भिलवडीला असते, ब्रह्मनाळच्या शेजारीच. ती बोलता बोलता म्हणाली, "नदीकाठची गावं आपली, पण पवायला पोरांनाच शिकवत्यात. पोरी घाटावर धुणं धुत्यात नुसत्या."

माझी स्वतःची पोरगी चौदा वर्षांची, कृष्णेपासून पाच मिनिटांवर राहते, आणि तिला पोहता येत नव्हतं.

मेमध्ये गल्लीतल्या पाच पोरी गोळा केल्या, माझी धरून. पोहण्याच्या तलावाची फी मी भरली. दोघींच्या आयांना पटवायलाच आठवडा गेला. "काळी पडंल," "कापडं कसली घालायची," सगळं झालं. शिकवायला बाईच हवी ही त्यांची अट. तीही हुडकली. मी सकाळी सहाला टमटमचं काम करतो, सोडायचं आणि आणायचं.

चौघी आता पाण्यावर तरंगतात. पाचवी अजून काठाचा बार सोडत नाही. काल विचारलं तर म्हणाली, "काका, सोमवारी सोडते."