फायबरचा पत्रा ६५ अंशांना 'वितळत' नाही

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'गच्चीवरचा फायबरचा पत्रा ६५ अंशांना वितळतो, कारण माहितीपत्रकात ग्लास ट्रान्झिशन ६५ लिहिलंय. आतली काच पाघळते, पत्रे काढून टाका.'

काच मऊ पडायलाच ८०० अंशांच्या वर जावं लागतं. बडोद्याचा मे कितीही तापला तरी तेवढा नाही!

इथला 'ग्लास' काचेच्या धाग्यांचा नव्हे, तर ते धागे धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या, म्हणजे रेझिनच्या, काचेसारख्या कडक अवस्थेचा. त्या तापमानाच्या आसपास रेझिन कडकपणा सोडून चामड्यासारखं होतं. पत्र्यातलं रेझिन म्हणजे पॉलिएस्टर; एकदा क्युअर झालं, म्हणजे रासायनिक क्रियेने घट्ट झालं, की ते वितळत नाहीच, त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. फार तापवलं तर जळतं. शिवाय ६५ ही रेघ नाही, पट्टा आहे. चाचणीत नमुन्याला दिलेली कंपनं जलद केली की आकडा वर सरकतो, रेझिनमध्ये ओल मुरली की खाली येतो.

भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगतो. तापलेल्या पत्र्यावर टिचकी मारा, कडक वाटेल. तिथेच वजन दुपारभर ठेवा, हळूहळू वाकेल. आमच्या पत्र्यावर चार कुंड्या होत्या. मे संपेतो मधोमध झोळ पडला आणि दिवाळीपर्यंत पूर्ण उतरला नाही. याला क्रीप म्हणतात. धागे शाबूत असतात, पण मऊ रेझिन एका आखूड धाग्याचा भार दुसऱ्याकडे नीट पोचवत नाही.

तेव्हा पत्रे काढू नका. खालचे आधार जवळ घ्या, कुंड्या उतरवा. आमच्या काकूंनी तुळस तेवढी अजून उतरवू दिलेली नाही.