1000 ल्युमेन आणि 9900 चा सेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गुहेत न्यायच्या दिव्यांवरच्या लेखाला तुम्ही बरीच मोठी प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ऑनलाइन आठशे रुपयांत 1000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) हेडलॅम्प मिळतो आणि सोबत 9900 मिलिअँपिअर-तास क्षमतेचा लिथियम सेलही येतो. तरीही मेघालयात जाणाऱ्यांना 100 ल्युमेन, पेन्सिल सेल आणि सोल्डरिंगचा खटाटोप सांगणं म्हणजे पंधरा वर्षं मागे जाणं. माणशी तीन दिवे ही निव्वळ घाबरवाघाबरवी, आणि जुन्या लॅपटॉपमधून सेल फुकट निघत असताना नवे विकत घ्यायला लावणं ही उधळपट्टी.

आधी त्या 9900 कडे बघू. असल्या दिव्यातला लिथियम सेल 18650 मापाचा असतो, म्हणजे 18 मिलिमीटर व्यासाची, 65 मिलिमीटर लांबीची नळी. एवढ्या जागेत नावाजलेल्या कंपन्यांचे सेल 3500 पर्यंत जातात, अलीकडचे काही 4000 पर्यंत. 9900 फक्त लेबलावर मावतात. खात्री करायची तर सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. खरा सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो. 40 च्या खाली भरला तर आत माल कमी आहे. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर सेल 4.2 व्होल्टपर्यंत भरायचा आणि अर्ध्या अँपिअरने 2.8 व्होल्टपर्यंत रिकामा करायचा. असले सेल बहुतेकदा हजार-बाराशेवरच आटोपतात.

आता 1000 ल्युमेन. एवढ्या उजेडाला एलईडी आणि सर्किट मिळून साधारण 10 वॉट खातात. 3500 चा अस्सल सेल 12.5 वॉट-तासांचा असतो, म्हणजे हिशेबाने सव्वा तास. प्रत्यक्षात तेवढंही नाही, कारण 10 वॉटपैकी निम्म्याहून जास्त शक्तीची उष्णता होते, आणि प्लास्टिकच्या खोक्यात ती जाणार कुठे? बरा दिवा चार-पाच मिनिटांत स्वतःच उजेड उतरवतो, भिकार दिवा एलईडी भाजून घेतो. बरं, खोक्यावर छापलेले 'आठ तास' तरी खरे मानावेत? विजेऱ्यांसाठीच्या एएनएसआय एफएल-1 या अमेरिकी मानकात चालू राहण्याची वेळ मोजतात ती उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे '1000 ल्युमेन, आठ तास' लिहिलेला दिवा आठव्या तासाला 100 ल्युमेनवर आला असला तरी कंपनी खोटं बोलली असं होत नाही. ज्या 100 ला तुम्ही हसलात, तिथेच तुमचा दिवा येऊन टेकणार, फक्त कधी ते तो ठरवणार.

माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. गुहेसाठी दिवा निवडताना तो विझतो कसा हे आधी बघायचं. बाजारातल्या बऱ्याच हेडलॅम्पमध्ये बूस्ट सर्किट असतं. सेल उतरत जातो तसा हे सर्किट जास्त करंट ओढून उजेड तेवढाच ठेवतं. वापरणारा खूश असतो. मग सेलचं संरक्षक सर्किट अडीच व्होल्टच्या आसपास वीज तोडतं आणि क्षणात काळोख होतो. रस्त्यावर ही गैरसोय असते. उतारावर, एक पाय ओल्या दगडावर आणि दुसरा हवेत असताना हा अपघात असतो.

म्हणून मूळ लेखात एएमसी-7135 ही साधी लिनियर चिप, म्हणजे करंट एका आकड्यावर बांधून ठेवणारी चिप, सुचवली होती. ती एलईडीला 350 मिलिअँपिअर देते आणि स्वतःसाठी जेमतेम 0.12 व्होल्ट ठेवते. पांढऱ्या एलईडीला या करंटवर 2.9 व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणजे सेल 3 व्होल्टच्या जरा वर असेपर्यंत उजेड स्थिर राहतो आणि त्यानंतर हळूहळू मंदावतो. आवराआवर करून दुसरा दिवा काढायला ही मंदावण्याची वेळ पुरते. हिशेबही सोपा आहे : सेलमधून तेवढेच 350 निघतात, म्हणून 3400 चा सेल धरला तर 3400 ÷ 350, साधारण पावणेदहा तास. जुनेपणापायी वीस टक्के वजा करा आणि आठ धरून चाला. या पद्धतीत वीस टक्के वीज चिपमध्ये तापून वाया जाते हे खरं, पण ती किंमत मला परवडते.

जोडणी विचारली होतीत. चिपला तीन टोकं असतात. बॅटरीचं अधिक टोक स्विचमधून एलईडीच्या अधिकला आणि चिपच्या व्हीडीडीला, म्हणजे तिला वीज पुरवणाऱ्या टोकाला, जातं. एलईडीचं ऋण चिपच्या आउटला, आणि चिपचं ग्राउंड बॅटरीच्या ऋणाला. उलटी जोडलीत तर चिप गेलीच म्हणून समजा. जास्त उजेड हवा तर शेजारी दुसरी चिप लावा, पण तिची फक्त व्हीडीडीची तार एका छोट्या स्विचमधून न्या. त्या तारेतून एक मिलिअँपिअरसुद्धा जात नाही, त्यामुळे चिमुकला स्विचही टिकतो आणि 350 व 700 असे दोन टप्पे मिळतात. एलईडी 20 मिलिमीटरच्या तांब्याच्या स्टार प्लेटवर घ्या आणि ती थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर देऊन दोन स्क्रूंनी ॲल्युमिनियमवर आवळा. दुतर्फी चिकटपट्टी नको. एक वॉटच्या दिव्याला काड्यापेटीएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा पुरतो. बॅटरी हेल्मेटच्या मागे असेल तर डब्यातून बाहेर पडणाऱ्या अधिक तारेवर 2 अँपिअरचा रिसेटेबल फ्यूज घालाच. घासून सोललेली केबल मानेशी शॉर्ट झाली तर लिथियम सेल दहा-वीस अँपिअर सहज ओततो.

आणि तार तुटते ती बहुधा सोल्डरच्या कडेलाच. सोल्डर शोषून तार तिथे ताठ होते, त्याच्या लगेच पुढे मऊ असते, आणि सगळा वाक त्याच रेषेवर येतो. बाहेरून इन्सुलेशन शाबूत दिसतं आणि दिवा मान वळवली की लुकलुकतो. उपाय म्हणजे सिलिकॉन वेष्टणाची मऊ तार, सांध्यापलीकडे सेंटीमीटरभर जाणारी हीट-श्रिंक नळी (तापवली की आवळून बसते ती), आणि डब्यात शिरताना केबलला आतून एक गाठ, म्हणजे ओढ सांध्यावर न येता गाठीवर येते.

पेन्सिल सेलवरचा तुमचा राग मला अर्धा मान्य आहे. 47 ग्रॅमच्या लिथियम सेलमध्ये 12.5 वॉट-तास आणि तीन निकेल-मेटल हायड्राइड एए (म्हणजे रिचार्ज होणाऱ्या पेन्सिल) सेलच्या 80 ग्रॅममध्ये सव्वासात, म्हणून मुख्य दिवा लिथियमचाच हवा. पण दुसरा दिवा एएचा असावा, कारण तीन सेल मिळून 3.6 व्होल्ट होतात आणि तीच चिप, तीच जोडणी त्यावर जशीच्या तशी चालते. 2000 चे सेल साडेपाच तास देतात. जयंतिया टेकड्यांतल्या गावात चार्जिंग जमलं नाही तरी दुकानात अल्कलाइन पेन्सिल सेल मिळून जातात. तीन ताज्या अल्कलाइनचे 4.8 व्होल्ट चिपच्या 6 व्होल्टच्या मर्यादेत बसतात. साधे झिंक-कार्बन सेल मात्र एवढ्या करंटला लगेच मान टाकतात. आणि त्याच मापाचे 14500 हे लिथियम सेल चुकूनही तिथे घालू नका, तीन मिळून बारा व्होल्टच्या वर जातात.

निकेलचे तिन्ही सेल एकाच खरेदीतले, एकदमच चार्ज केलेले हवेत. एक जरी कमजोर असला तर तो आधी रिकामा होतो आणि उरलेले दोघे त्यातून करंट ढकलतच राहतात, त्यामुळे त्याचे अधिक-ऋण उलटतात. असा सेल हायड्रोजन सोडतो. हवाबंद डब्यात ते धोक्याचं, म्हणून झाकण पुरतं सील करून टाकू नका.

लॅपटॉपमधले सेल घरच्या कंदिलाला खुशाल वापरा. गुहेत नकोत. त्या पॅकमधली एक जोडी मेली म्हणूनच तो पॅक टाकलेला असतो, आणि उरलेले सेल किती वर्षं तापत होते ते कुणी सांगू शकत नाही. दोन व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज करणं तर सरळ आगीशी खेळ. नवा सेल चार-पाचशेला येतो. गुवाहाटीच्या विमानभाड्यापुढे ती बचत कसली? त्या विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या पिशवीतच ठेवावे लागतात, प्लास्टिकच्या डबीत, टोकं झाकून. चेक-इनच्या बॅगेत ठेवले तर बॅग उघडायला लावतात.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. क्रेम लिआत प्राह ही मेघालयातली तीस किलोमीटरहून लांब गुहा, तिच्या 'एअरक्राफ्ट हँगर' म्हणतात त्या प्रचंड दालनात 100 ल्युमेनचा पसरट दिवा छतापर्यंत पोचत नाही. तिथे हातात अरुंद झोताची, दोन-तीन मिनिटं पेटवायची जोरदार विजेरी हवी. कपाळावर नको. तिथल्या दमट हवेत श्वासाची वाफ डोळ्यांसमोर तरंगते, आणि कपाळावरचा जोरदार झोत तिच्यावरच आपटून डोळे दिपवतो. शिवाय डोळ्यांजवळच्या दिव्याची सावली वस्तूच्या मागे लपते, त्यामुळे खड्डा आणि पायरी दोन्ही सपाट दिसतात. विजेरी कमरेच्या उंचीवर बाजूला धरा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दिसू लागतो. मुख्य दिव्याचा झोत फार अरुंद वाटला तर ऑफिसच्या काचांना लावतात ती दुधी फिल्म गोल कापून काचेवर चिकटवा. थोडा उजेड जातो, पण रांगताना कडेच्या भिंती दिसतात.

माणशी तीन स्वतंत्र दिवे हा नियम जगभरचे गुहा-संशोधक पाळतात. हिशेब साधा आहे. पहिला बिघडला तर दुसऱ्यावर बाहेर यायचं, आणि अंधारात पहिला दुरुस्त करायला किंवा दुसऱ्याचे सेल बदलायला तिसरा लागतो. तिसरा कितीही छोटा असला तरी चालेल, गळ्यात असला म्हणजे झालं.

गुहेचा नकाशा काढायला सर्वेक्षण करणार असाल तर शेपटाला चुंबक असलेला हेडलॅम्प घेऊ नका. सेलचं कवचही पोलादी असतं. होकायंत्र किंवा डिस्टोएक्स (अंतर आणि दिशा मोजणारं लेझर उपकरण) डोक्याजवळ धरलं की वाचन काही अंशांनी चुकतं आणि मोजणी फिरून पहिल्या बिंदूशी आली की गणित जुळत नाही.

दिवा पाण्यात बुडला तरी चालतो असं सांगणाऱ्या आयपीएक्स-8 या दर्जावर विसंबून राहण्याबद्दल एवढंच, की तापलेला दिवा घेऊन गार पाण्यात उतरलात तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. पोहायच्या आधी उजेड कमी करून दिवा निवू द्या. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) केस किंवा वाळूचा कण नाही ना ते नखाने फिरवून बघा आणि तिला सिलिकॉन ग्रीस लावा.

हाच दिवा घेऊन जयंतिया टेकड्यांतल्या जुन्या कोळशाच्या खाणीत डोकावता येईल का, असंही शेवटी विचारलंत. नाही. चुनखडीची गुहा वेगळी आणि कोळशाची खाण वेगळी. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असला तर स्विचची ठिणगी त्याला पुरते, आणि घरी सोल्डर केलेल्या दिव्यात ती ठिणगी रोखणारं काहीच नसतं. कोळशाच्या खाणीत डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची, मंजुरी असलेला कॅप-लॅम्पच चालतो. त्यातही प्राणवायू कमी झाला तर ज्योत विझते तसा एलईडी विझत नाही, तो शेवटपर्यंत लख्ख जळत राहतो.