नागिणीनंतरचे दुखणे आणि ‘मुळापासून बरे’ करणारा संदेश

नागीण होऊन गेल्यावर महिनोन्महिने टिकणाऱ्या दुखण्याविषयीचा एक संदेश नातेवाइकांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो. नागिणीने अंगाभोवती वेढा पूर्ण केला की माणूस दगावतो, म्हणून फोड दिसताच गेरूचा लेप लावून ती उतरवून घ्यावी. फोड सुकले की आजार संपला. त्यानंतरही दुखत असेल आणि तपासण्या नॉर्मल आल्या असतील, तर ते दुखणे मनाचे आहे. डॉक्टर अशा वेळी फिटच्या आणि वेडाच्या गोळ्या देतात, त्यांची सवय लागते आणि किडनी निकामी होते. खरे कारण बी-१२ ची कमतरता आणि बंद पडलेल्या नसा हे असते. अमुक चूर्ण एकवीस दिवस घेतले की दुखणे मुळापासून जाते. आणि सर्वांत शेवटी चूर्ण मागवण्यासाठी फोन नंबर.

मला छातीच्या उजव्या बाजूला नागीण झाली होती आणि तिच्यामागून आलेले दुखणे अजून पूर्ण गेलेले नाही, त्यामुळे हा संदेश पाठवणाऱ्यांची कळकळ मला समजते. आपल्या माणसाचे हाल बघवत नाहीत म्हणूनच बहुतेक जण तो पुढे पाठवतात. परंतु ज्या उपायांनी रुग्णाला थोडाफार आराम पडू शकतो, नेमक्या त्यांच्यापासूनच हा मजकूर त्याला तोडतो. म्हणून त्यातील एकेक दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

वेढ्याची भीती आपल्याकडे फार जुनी आहे, आणि फोडांचा पट्टा पाठीपासून पोटाकडे सरकताना पाहिला की ती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र नागिणीचे कारण लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणूच असतो. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो आणि वय, मधुमेह, कर्करोगावरील उपचार किंवा दुसऱ्या एखाद्या कारणाने प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या गाठीतून जागा होऊन त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. कण्यातून निघणारा असा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या एका पट्ट्याला संवेदना पुरवतो, आणि म्हणून फोडही बहुधा अंगाच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबतात. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या इंग्लंडमधील वैद्यकांनी १९०० साली नागिणीच्या रुग्णांचे पट्टे नोंदवूनच कोणता मज्जातंतू त्वचेच्या कोणत्या भागाला जातो याचा नकाशा तयार केला होता. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांमध्ये फोड अंगभर पसरू शकतात आणि ती अवस्था खरोखर गंभीर असते, पण तिचा वेढ्याशी संबंध नाही आणि तिला रुग्णालयातच उपचार लागतात.

या दाव्यातील खरा धोका वेगळाच आहे. ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिर ही विषाणुरोधक औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. नवे फोड येणे लवकर थांबते, सुरुवातीचा ठणका कमी होतो. पुढचे दीर्घ दुखणे त्यांनी हमखास टळते असे म्हणता येत नाही, तरीही हातात असलेली ही एकमेव वेळ असते. ती लेप वाळण्याची वाट पाहण्यात आणि नागीण उतरवणाऱ्याचे घर शोधण्यात निघून जाते. लेप लावलेल्यांचे फोड सुकतात हे खरे आहे, कारण ते काहीही न लावता दोन ते चार आठवड्यांत सुकतातच. आणि फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले पाहिजे. तेथे दिरंगाई झाली तर दृष्टी जाऊ शकते.

दुसरा दावा मला सर्वांत क्रूर वाटतो. फोड सुकल्यावर कातडी जवळजवळ पूर्ववत दिसते, रक्ताच्या तपासण्या ठीक येतात, एमआरआयमध्ये काही आढळत नाही, आणि मग घरातलेच कोणी तरी हळूच सुचवते की आता त्याचा विचार करणे सोडून द्या. वास्तविक पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही जे दुखणे टिकून राहते, त्याला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आजाराचा दर्जा आहे. नागीण झालेल्या दर शंभरांतील दहा ते अठरा जणांना ते गाठते आणि वय वाढते तसे हे प्रमाणही वाढत जाते. विषाणू त्या गाठीत आणि मज्जातंतूत दाह निर्माण करतो, काही तंतू मरतात, उरलेले तंतू विनाकारण संदेश सोडू लागतात, आणि ते संदेश घेणाऱ्या मज्जारज्जूतील पेशीही अतिसंवेदनशील होऊन बसतात. दाराशी कोणी नसताना तार बिघडल्यामुळे वाजत राहणाऱ्या घंटेसारखी ही अवस्था आहे. दाराबाहेर कितीही वेळा पाहिले तरी तेथे काहीच दिसणार नाही.

सदऱ्याचे कापड छातीला घासले तरी आग होणे, पंख्याचा वारा सहन न होणे, त्याच जागी एरवी स्पर्शाची जाण बोथट असताना मध्येच विजेचा झटका बसल्यासारखी चमक उठणे, या तक्रारी ऐकणाऱ्याला परस्परविरोधी वाटतात. जो तंतू मेला आहे त्याच्यामुळे बधिरपणा येतो आणि जो अर्धवट वाचला आहे तो कळ पाठवतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांत विसंगती उरत नाही. तपासण्यांचेही तसेच आहे. नसांची म्हणून जी विजेची तपासणी केली जाते, तिच्यात मुख्यतः जाड मज्जातंतूंचे काम मोजले जाते. आग आणि कळ वाहून नेणारे तंतू अतिशय बारीक असतात आणि ते तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे अहवाल नॉर्मल आहे याचा अर्थ जाड तंतू ठीक आहेत एवढाच होतो. अशा रुग्णांच्या दुखऱ्या जागेवरील त्वचेचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तेथील तंतूंची संख्या घटलेली आढळते. रोजच्या उपचारात मात्र या तपासणीचीही गरज पडत नाही, कारण नागिणीचा इतिहास आणि दुखण्याची जागा एवढ्यावरून जाणकार डॉक्टर निदान करू शकतात. रात्रीमागून रात्री झोप न झाल्याने माणूस खचतो, चिडचिडा होतो, हे अगदी खरे आहे. पण तेथे आधी दुखणे येते आणि खचणे त्याच्या मागून येते.

तिसरा दावा गोळ्यांविषयीचा. त्यात अर्धसत्य असल्यामुळे तो लोकांना सर्वाधिक पटतो. गॅबापेंटिन हे औषध प्रथम अपस्मारासाठी, म्हणजे फिटसाठी आले, ही गोष्ट खरी आहे. मज्जातंतूंतून अवाजवी सुटणारे संदेश ते दाबते, आणि अपस्मारात मेंदूतील जी अतिउत्तेजना आवरायची असते, तिच्यासारखीच अतिउत्तेजना येथे दुखऱ्या मज्जातंतूच्या मार्गात असते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२ साली त्याला नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी रीतसर मान्यता दिली. प्रीगाबालिन हे त्याच कुळातले. ॲमिट्रिप्टिलिन नैराश्यावर दिले जाते हेही खरे, पण दुखण्यासाठी ते रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि नैराश्याला सहसा याहून बराच अधिक डोस लागतो. कॅनडात वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली याच दुखण्यावर या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बहुतेक रुग्णांच्या मनःस्थितीत फरक न पडताही त्यांचे दुखणे कमी झाल्याचे दिसले होते. म्हणून ही गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी आपल्याला वेडे ठरवले असा अर्थ कोणी काढू नये. ती कशासाठी आहे हे दोन वाक्यांत सांगण्याची जबाबदारी मात्र डॉक्टरांची आहे, आणि घाईच्या ओपीडीत ती अनेकदा पार पाडली जात नाही. रुग्ण घरी येऊन गोळीचे नाव इंटरनेटवर शोधतो, ‘नैराश्य’ हा शब्द वाचतो आणि पाकीट कपाटात ठेवून देतो.

किडनीच्या बाबतीत संदेशाने कार्यकारणच उलटे केले आहे. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन किडनीवाटे शरीराबाहेर पडतात, त्यामुळे किडनी आधीच कमजोर असेल तर ती औषधे अंगात साचू नयेत म्हणून डोस कमी ठेवावा लागतो. त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात, ज्यावरून किडनीचे काम कळते. किडनीला दीर्घकाळ घेतल्यावर खरा अपाय करू शकणाऱ्या गोळ्या म्हणजे डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक, ज्या मेडिकलच्या दुकानातून सहज आणल्या जातात आणि मज्जातंतूंच्या या दुखण्यावर ज्यांचा फारसा उपयोग होत नाही. सवयीविषयीची शंका मात्र अगदीच निराधार नाही. ब्रिटनने एप्रिल २०१९ मध्ये गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन ही दोन्ही औषधे नियंत्रित औषधांच्या यादीत घातली, कारण त्यांचा गैरवापर होऊ लागला होता. ती एकाएकी बंद केली तर झोप उडणे, घाम येणे, अस्वस्थता असे त्रास होतात, म्हणून ती हळूहळूच कमी करावी लागतात. सुरुवातीला चक्कर, गुंगी आणि पायांवर सूज येऊ शकते, आणि वयस्कर माणसाचा रात्री तोल गेला तर हाड मोडू शकते. ॲमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते आणि हृदयाच्या काही रुग्णांना ते देता येत नाही. ही सारी कारणे औषध लहान मात्रेपासून सुरू करून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा भेटून मात्रा जुळवण्याची आहेत. औषध फेकून देण्याची नाहीत.

येथे एक आकडा सांगणे मला महत्त्वाचे वाटते, कारण संदेशाचा सारा जोर ‘मुळापासून’ या आश्वासनावर आहे. गॅबापेंटिनवरील चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१७ साली जो एकत्रित आढावा घेतला, त्यात पुरेशी मात्रा मिळालेल्या नागिणीनंतरच्या रुग्णांपैकी ३२ टक्क्यांना निम्मे किंवा त्याहून अधिक दुखणे कमी झाल्याइतका मोठा आराम पडला. तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. म्हणजे हे औषध प्रत्येकाला लागू पडत नाही, आणि ज्याला पडते त्याचेही दुखणे सहसा शून्यावर येत नाही. ज्याने शून्याची अपेक्षा धरली आहे त्याला हा आकडा निराश करील. परंतु निम्मे दुखणे कमी होणे म्हणजे काय, हे ज्याला ते आहे त्याला विचारावे. सलग पाच तास झोप लागते, अंगात सदरा घालून बँकेत जाऊन येता येते, नातवाला मांडीवर घेता येते. एका औषधाने गुण आला नाही तर दुसरे, किंवा कमी मात्रेत दोन मिळून, असा शोध काही आठवडे, कधी काही महिने घ्यावा लागतो. हा शोध कंटाळवाणा आहे, पण आराम मिळण्याची सर्वाधिक शक्यता त्यातच आहे, आणि एकवीस दिवसांचे आश्वासन माणसाला नेमके त्यातूनच बाहेर ओढते.

बी-१२ विषयी थोडक्यात. त्याच्या कमतरतेने मज्जातंतूंना इजा होते, शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत ही कमतरता सामान्यपणे आढळते, आणि ती असेल तर भरून काढलीच पाहिजे. पण तिच्यामुळे बहुधा दोन्ही पायांत मुंग्या आणि बधिरपणा येतो. छातीच्या एकाच बाजूच्या पट्ट्यातील आग तिने समजावता येत नाही. रक्त तपासावे, कमी असेल तर घ्यावे, एवढेच. अनेक जीवनसत्त्वे एकत्र असलेल्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की बी-६ दीर्घकाळ अति प्रमाणात घेतले तर त्यानेच मज्जातंतू बिघडतात. नसा ‘बंद’ पडून ‘मोकळ्या’ होण्याची कल्पना रक्तवाहिन्यांवरून घेतलेली आहे. मज्जातंतू पोकळ नसतात, त्यामुळे त्यांत अडकलेले काही सोडवण्याचा प्रश्नच येत नाही.

राहिले चूर्ण. या दुखण्याचा एक दिलासा देणारा गुण असा की अनेकांमध्ये ते वर्षभरात आपोआप ओसरत जाते. त्यामुळे ओसरण्याच्या काळात जे काही घेतलेले असते त्याला यश लाभते, आणि तोच माणूस मनापासून सांगतो की मला याचाच गुण आला. मी त्याला खोटे म्हणणार नाही. पण घटक न लिहिलेली पुडी घेण्यातला धोका खरा आहे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेतील संशोधकांनी तपासणी करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे आणि आर्सेनिक ही दोन्ही मज्जातंतूंची विषे आहेत. ज्याचे मज्जातंतू आधीच दुखावलेले आहेत, त्याच्या पोटात ती जाऊ देणे मला कोणत्याही परंपरेच्या नावाखाली मान्य नाही.

गोळ्या सोसत नाहीत अशांसाठी लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी किंवा मलम असते, जे त्वचेवरच काम करते आणि रक्तात फारच थोडे उतरते. मिरचीतील कॅप्सेसिनची अधिक तीव्रतेची पट्टीही काही देशांत वैद्यकीय देखरेखीखाली लावली जाते. घरी मिरची वाटून लावण्याचा तिच्याशी काही संबंध नाही, त्याने त्वचा भाजते. याही पलीकडे दुखणे आवरत नसेल तर मोठ्या शहरांतील पेन क्लिनिकमध्ये मज्जातंतूंभोवती इंजेक्शन देण्यासारखे उपाय करतात. डॉक्टरांकडे जाताना नुसते ‘खूप दुखते’ असे न सांगता आग, चमक, स्पर्श सहन न होणे आणि बधिरपणा यांतले काय, कोठे आणि कोणत्या वेळी होते हे लिहून न्यावे. मात्रा ठरवताना त्याचा फार उपयोग होतो.

नागिणीची शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस घ्यायचे असतात, आणि पन्नाशीपुढील लोकांवरील चाचणीत तिने सुमारे ९७ टक्के नागिणी टाळल्या होत्या. ती महाग आहे आणि अंगात मुरलेले दुखणे ती बरे करत नाही. पण घरात एकाला हे दुखणे असेल, तर त्याच वयाच्या जोडीदाराने आणि भावंडांनी डॉक्टरांच्या पुढच्या भेटीतच तिच्याविषयी विचारावे.