‘कंपन्यांना तरी तेव्हा कुठे ठाऊक होते?’

उन्हाळ्यात केळीबागा करपू लागल्या की खानदेशातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश हमखास फिरतो. त्याचे म्हणणे असे : आपल्याकडे ऊन पूर्वीपासूनच आहे, तापमानवाढीबद्दल शास्त्रज्ञांतच एकमत नव्हते, मग तेल कंपन्यांना तरी काय ठाऊक असणार, आणि पेट्रोल-डिझेल जाळतो आपणच.

भुसावळचे ऊन जुनेच आहे, हे मान्य. रावेर-यावलचा शेतकरी बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावून गरम वारा अडवतो, घड पानांनी झाकतो. मात्र हा सारा बंदोबस्त त्या जुन्या उन्हाच्या बेताने बसवलेला आहे, आणि प्रश्न तापमानवाढीने त्यावर पडणाऱ्या भरीचा आहे.

कंपन्यांना ठाऊक नव्हते, हे तर धडधडीत खोटे आहे. १९७७ मध्ये एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी कंपनीच्या वरिष्ठांना सांगितले होते की, इंधन जाळल्याने वाढणारा कार्बन डायऑक्साइड हवामान बदलतो आहे. कंपनीच्याच १९८२ च्या अंतर्गत टिपणातील आलेखात २०१९ च्या सुमारास हवेतील या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत ४१५ च्या आसपास दाखवले होते. मे २०१९ मध्ये हवाईतील मौना लोआ वेधशाळेत ते खरोखरच ४१५ च्या वर गेले. एक्सॉनच्या शास्त्रज्ञांनी वर्तवलेल्या तापमानवाढीची छाननी २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील ६३ ते ८३ टक्के अंदाज अचूक ठरले.

एकमताच्या मुद्द्यात अजाणतेपण नव्हे, डाव दिसतो, आणि मला सर्वांत जास्त संताप याचाच येतो. तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या ‘ग्लोबल क्लायमेट कोअ‍ॅलिशन’च्या स्वतःच्या तज्ज्ञांनी १९९५ च्या मसुद्यात हरितगृह परिणामाचा आणि मानवी उत्सर्जनाच्या संभाव्य प्रभावाचा शास्त्रीय पाया नाकारता येणार नाही, असे लिहिले होते, बाहेर मात्र ही संघटना शंकाच पेरत राहिली. १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेल्या आराखड्यात, हवामानशास्त्रातील अनिश्चितता सामान्य नागरिकांच्या मनात ठसेल तेव्हाच विजय मिळेल, असे स्पष्ट नमूद होते. मतभेद असल्याचा समज अशा रीतीने ठरवून पसरवला गेला.

राहिला ‘जाळतो आपणच’ हा मुद्दा. दोष वापरणाऱ्यावर ढकलणारे, स्वतःचे कार्बन उत्सर्जन मोजण्याचे गणकयंत्र २००४ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीनेच जाहिरातींतून लोकप्रिय केले. विहिरीवर डिझेल इंजिन चालवणाऱ्या शेतकऱ्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. धोका ठाऊक असूनही तो दडवणाऱ्यांपुढे मात्र होता.